टाकीतला दुसरा मासा

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासूनच तराजूकाकांना वाटत होतं की घरातल्या वस्तू कुणीतरी उगाच सरकवून ठेवल्यात. चहाच्या कपाला हात घालायला गेले तर कप कलंडला. चहा टेबलावरून थेट पायजम्यावर. खोलीतून बाहेर पडताना दाराची चौकट खांद्यावर अशी बसली की तोंडातून शिवीच निघाली.

"अहो, आज दाराशी कसलं वैर काढलंय?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मी नाही, दारच अंगावर आलं."

"येणारच. जन्मात कधी त्याला तेल घातलंत का?" काकू हात पुसत बाहेर आल्या आणि नवऱ्याकडे बघून थबकल्या. "आणि दाढी अर्धी करून कुठे निघालात? या डाव्या कानाखाली सगळं रान तसंच आहे."

काकांनी गालावरून हात फिरवला. खरंच खुंट लागत होते. आरशात तर गाल चांगला गुळगुळीत दिसला होता! त्यांनी चिडून पुन्हा वस्तरा घेतला. चिडायचं कारण दाढी नव्हतीच. पहाटे डोळे उघडल्यापासून जिवाला एक खुटखुट लागली होती. चष्म्याला डाग असावा तसं काहीतरी अडत होतं, पण चष्मा काढून पुसला तरी जात नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, पोट ठीक होतं. आता तक्रार तरी कशाची करायची? परीक्षकाने ऐन प्रदर्शनाच्या दिवशी 'मला बरं वाटत नाही, पण काय ते माहीत नाही' असं सांगितलं तर लोक काय म्हणतील?

काकांनी उभी हयात तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर म्हणून काढली होती. फुलांच्या कापडाचा तागा पसरला की फूल कुठे पडणार, खांद्यावर की काखेत गडप होणार, हे ते खडू उचलायच्या आधी सांगायचे. नवीन आलेल्या कारागिरांना म्हणायचे, "पाठीवरचं फूल दोन बोटं सरकलं ना, तर सरळ चालणारी बाईसुद्धा लंगडते असं वाटतं." निवृत्तीनंतर कुणाच्या तरी बागेत त्यांनी पहिल्यांदा कोई नावाचे शोभेचे जपानी मासे पाहिले. पांढऱ्याशुभ्र अंगावर तांबडे डाग घेऊन ते पाण्यात असे वळत होते की काका तासन् तास तिथून हलले नाहीत. घरी येऊन बायकोला म्हणाले, "अगं, कापडच आहे ते! फक्त कात्री लावायची सोय नाही."

तिथून पुढे शौकिनांच्या मंडळात जाणं सुरू झालं आणि काही वर्षांत ते मंडळाचे परीक्षक झाले. माशाच्या अंगाची ठेवण आणि कातडीची तुकतुकी बाकीच्यांनाही कळायची. डागांचा तोल मात्र काकांनीच सांगावा. डोक्यावर एक डाग, खांद्यावर दुसरा, शेपटीच्या अलीकडे तिसरा, इतकं सोपं ते कधीच नसतं. सगळे डाग पुढे दाटले तर मासा तोंडावर पडल्यासारखा दिसतो, एकाच कुशीला उतरले तर कललेला. काका टाकीवर वाकायचे आणि एका नजरेत निकाल द्यायचे. लोक त्यांना तराजूकाका म्हणत. काही प्रेमाने म्हणत, काही दात खाऊन.

सभागृहात निळ्या गोल टाक्यांच्या रांगा लागल्या होत्या. हवेच्या नळ्या पाण्यात बुडबुडत होत्या. माशांचे मालक दोरीपलीकडे उभे. परीक्षण चालू असताना त्यांनी दोरी ओलांडायची नाही आणि कुठल्या टाकीत कुणाचा मासा हे परीक्षकांनी विचारायचं नाही, असा नियम होता. काकांच्या जोडीला दुसऱ्या परीक्षक होत्या त्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. वयाने काकांच्या मुलीएवढ्या. माशांचे आजार त्यांना पाठ, पण तोल बघायला त्या काकांच्या हाताखालीच शिकल्या होत्या.

त्या दिवशी काकांचा पाय एका जागी ठरत नव्हता. एका टाकीवर वाकावं, सरळ व्हावं, परत वाकावं. मासा पुढे जाताना जसा वाटावा तसा वळून परत येताना वाटू नये. दिव्यांचा उजेड वाईट आहे, असं ते दोनदा बोलले. पाणी फार हलतंय म्हणून एका टाकीतली हवा बंद करायला लावली.

"काका, कडेची टाकी राहिली," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"राहिली कशी? रांग संपली ना!"

"डावीकडे अजून एक आहे."

काकांनी मान वळवली. होती खरी. अख्खी टाकी, मोठा मासा घेऊन. जणू आत्ता जमिनीतून वर आली. ते म्हणाले, "मग मघाशीच सांगायचं नाही का?" काका असे कधी खेकसत नसत.

मधल्या रांगेत सात नंबरच्या टाकीशी आल्यावर मात्र त्यांची चुळबुळ क्षणभर थांबली. मासा पलीकडच्या कडेला तोंड करून संथ उभा होता. दुधासारखं अंग, डोक्यावर डाग, खांद्यावरून उतरणारा दुसरा, कमरेशी तिसरा, आणि शेपटीआधी बरोबर हवी तेवढी पांढरी जागा. "हे बघा," काका कुजबुजले, "हात लावायला जागा नाही." त्यांनी त्या माशाला सकाळचे सगळ्यात जास्त गुण दिले. डॉक्टरीणबाईंनी जरा कमी दिले. दुसरी कूस थोडी रिकामी आहे, असं त्या म्हणणार होत्या, पण मघाचं खेकसणं आठवून त्यांनी जीभ आवरली.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या. काका भराभर जेवले आणि डबा पुढे ढकलत म्हणाले, "एवढंच? आज उपाशी ठेवायचा बेत आहे वाटतं."

काकूंनी डब्यात पाहिलं. भाताची एक बाजू चाटूनपुसून साफ आणि दुसरी बाजू जशीच्या तशी. मधोमध जणू दोरी धरून रेघ मारली होती.

"अहो, अर्धा भात आहे की अजून!" त्यांनी डबा वळवून समोर केला.

काका डब्याकडे बघत राहिले. मग हसले. "लक्षच नाही बघ माझं. डोक्यात मासे."

काकूही हसल्या, पण ते हसू काही मनापासून आलं नाही. सकाळचा कप, चौकट, दाढी आणि आता हा भात. त्यांना काहीतरी टोचलं. "संध्याकाळी आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या," त्या म्हणाल्या.

"आज नाही. आज शेवटची फेरी आहे."

शेवटच्या फेरीत निवडलेल्या मोजक्या टाक्या पुन्हा बघायच्या होत्या. काका थेट सात नंबरकडे गेले. दुपारभर तोच मासा मनात घोळत होता. आता मासा त्यांच्याकडे तोंड करून उभा होता. काका वाकले. डोक्यावर अर्धवट डाग, पुढे लांबच लांब पांढरं अंग आणि शेपटीजवळ एक चिटुकला ठिपका. बाकी तांबडं कुठे गेलं?

ते टाकीची कड धरून उभे राहिले. सकाळपासून जे काही नडत होतं त्याला आता कारण मिळालं असं त्यांना वाटलं. म्हणजे माझं काही चुकत नव्हतं तर! लोकच लबाडी करत होते.

"हा तो मासा नाही," ते मोठ्याने म्हणाले.

"काय म्हणालात काका?" डॉक्टरीणबाई धावत आल्या.

"मासा बदललाय! सकाळचा वेगळा होता. जेवायच्या वेळात कुणीतरी टाकीतला मासा बदललाय!"

सभागृहात कालवा झाला. दोरीपलीकडून एक बाई दोन्ही हातांनी दोरी उचलून आत आली. शेजारच्या रस्त्यावर तिचं ब्यूटी पार्लर होतं; सगळे तिला पार्लरवाली म्हणूनच ओळखत. नियम मोडून ती तडक टाकीशी आली.

"माझी मासोळी आहे ती! बोटाएवढी होती तेव्हापासून वाढवलीय मी. बदलली म्हणता? कशाच्या जोरावर म्हणता?"

डॉक्टरीणबाईंनी नोंदणीच्या वेळी काढलेला फोटो आणला. टाकीतला मासा आणि फोटोतला मासा यांत तिळाएवढाही फरक नव्हता. त्यांनी फोटो काकांसमोर धरला. "काका, तोच आहे हो. बघा ना."

काकांनी फोटो पाहिला. फोटोतल्या माशाचं तोंड वरच्या कडेला होतं, सकाळसारखंच. "हेच तर मी म्हणतोय!" ते जवळजवळ ओरडले. "हा सकाळचा! हे डाग बघा, आणि टाकीतलं ते उघडं ध्यान बघा!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. म्हातारा थट्टा करतोय की काय? पार्लरवालीचा तर भडका उडाला. ती काकांच्या डाव्या अंगाला उभी होती.

"लाज वाटत नाही? सगळ्या गावासमोर मला चोर ठरवता? इकडे बघा, माझ्याशी बोला!"

काका उजवीकडे वळले आणि मोकळ्या हवेला म्हणाले, "बाई, मी तुमचं नावही घेतलेलं नाही."

"माझ्याकडे बघून बोला!"

"बघूनच बोलतोय!" काका समोरच्या खांबाला म्हणाले.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पार्लरवालीने हात उगारला होता, तो तसाच राहिला. दिवसभर आरशासमोर बसलेल्यांचे चेहरे बघणारी बाई ती. तिने काकांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. डाव्या गालावर दुसऱ्यांदा वस्तरा फिरवूनही खुंटांचा पट्टा तसाच होता. शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत पाण्यात भिजली होती आणि त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. तिने उगारलेला हात हळूच त्यांच्या डाव्या बाजूने चेहऱ्याजवळ नेला. पापणी हलली नाही. हात मधोमध आला तेव्हा काका दचकून मागे सरले.

"काका," तिचा आवाज एकदम उतरला, "माझी बोटं दिसत होती?"

"कुठली बोटं?"

तिने वळून विचारलं, "यांच्या घरचं कोण आहे इथे?"

"मी आहे," काकू गर्दीतून पुढे येत म्हणाल्या. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

"यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. आम्ही म्हटलं, थकलेत, झोपू द्या. उठलेच नाहीत." मग काकांचा दंड धरून ती म्हणाली, "चला. आधी दवाखाना, मग भांडण. भांडण मी सोडणार नाहीये, हे लक्षात ठेवा."

"पण निकाल—" काका म्हणाले.

"निकाल गेला खड्ड्यात!" हे काकू म्हणाल्या. काकूंच्या तोंडून असा शब्द काकांनी पहिल्यांदाच ऐकला, आणि मग मात्र ते घाबरले.

पार्लरवालीच्या गाडीत मागे माशांच्या रिकाम्या पिंपांचा खडखडाट चालला होता. काका पुढच्या सीटवर बसून सारखे विचारत होते, "दार लावलंय ना डावीकडचं? मला दार दिसत नाही." ती गाडी चालवताना एका हाताने त्यांचा पट्टा घट्ट धरून होती.

मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काकूंना समजावलं की डोळे ठणठणीत आहेत. डावीकडचं जग डोळ्यांपर्यंत येतं, पण मेंदू त्याची दखल घेत नाही. आणि दखल घेत नाही हेही माणसाला कळत नाही. औषधांनी गुठळी विरली, अजून उशीर झाला असता तर डावं अंग लुळं पडलं असतं. बाकी सुधारणा हळूहळू.

पलंगावर पडल्या पडल्या काकांना चैन नव्हतं. भिंत, खिडकी, सलाइनची बाटली, सगळ्यावर त्यांचा संशय. नर्स डावीकडून आली की ती एकदम हवेतून उगवल्यासारखी वाटे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी सांगायची, "प्रत्येक गोष्टीची डावी कड शोधायची. कड सापडेपर्यंत मान थांबवायची नाही." काकू शेजारी बसून कोपराने ढोसत, "डावं! डावं बघा!" एकदा काका वैतागून म्हणाले, "लग्नापासून उजवं-डावं तूच सांगतेस, आता डॉक्टरांनीही तुलाच परवाना दिला."

पण खरी तगमग वेगळीच होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई भेटायला आल्या तेव्हा काकांनी पहिला प्रश्न विचारला, "सात नंबरचं काय झालं?"

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. "वादातला मासा स्पर्धेतून बाद, असा नियम आहे ना मंडळाचा. पार्लरवाल्या बाई तुम्हाला घेऊन निघून गेल्या, बाजू मांडायला कुणीच नव्हतं. मी म्हटलं थांबा, पण..."

"आणि लोक?"

"लोक काय, लोकच. पार्लरमध्ये येणाऱ्या बायका मासे बदलायची चेष्टा करतात म्हणे."

काकांनी डोळे मिटून घेतले. ज्या बाईने आपला जीव वाचवला, तिच्याच तोंडाला आपण काळं फासलं. मासा तर तोच होता. अर्धा सकाळी पाहिला, अर्धा दुपारी, आणि दोन्ही वेळा छातीठोकपणे बोललो! त्यांना शंका येऊ लागली, याआधीच्या प्रदर्शनात आपण नीट बघत होतो ना? डॉक्टर म्हणाले, ते त्याच सकाळचं असावं. 'असावं'! त्या एका शब्दाने त्यांची झोप उडवली.

घरी आल्यावर पहिलं काम त्यांनी हे केलं की मंडळाची बैठक बोलवायला लावली. काठी टेकत उभे राहिले, मान डावीकडे वळवून वळवून प्रत्येक चेहरा शोधला आणि म्हणाले, "मासा बदलला नव्हता. माझी नजर बदलली होती. बाईंना चोर म्हणणारा माणूस आजारी होता, पण तुम्ही सगळे तर धडधाकट होतात! एकट्या डॉक्टरीणबाईंनी फोटो पुढे केला, बाकी एकानेही 'तराजूकाका, तुमचं चुकतंय' असं ठणकावलं नाही." वादातला मासा बाद करायचा नियम बदलायचं त्याच दिवशी ठरलं.

तरी मनाला स्वस्थता नव्हती. शेवटी एका दुपारी काकूंना घेऊन ते पार्लरच्या मागच्या अंगणात गेले. तिथे छोटंसं तळं होतं, वर हिरवी जाळी ताणलेली. पार्लरवाली हातातला कंगवा तसाच घेऊन बाहेर आली.

"माफी मागायला आलात? ती बैठकीत मागितलीत, कळलं मला."

"नाही. मासा बघायला आलोय. पूर्ण."

तिने थोडं खाणं टाकलं. बाकीच्या माशांतून ती मासोळी संथपणे वर आली. काका काठावर उकिडवे बसले. मान डावीकडे नेली, कड शोधली, मग सावकाश उजवीकडे आले. मासोळी वळली, काका पुन्हा डावीकडून सुरू. पूर्वी एका नजरेत व्हायचं ते काम आता पानावरच्या ओळी वाचल्यासारखं करावं लागत होतं. उठले, तळ्याला चक्कर मारली, पलीकडून पाहिलं. काकूंनी दोनदा ढोसलं, तिसऱ्यांदा ढोसायच्या आत त्यांनीच हात वर केला.

"खरं सांगा हं," पार्लरवाली म्हणाली. "उपकार फेडायला म्हणून गोड बोलू नका."

काकांनी मासोळीला आणखी एकदा वळू दिलं. "पहिला नंबर नसता दिला," ते म्हणाले.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "देवा रे! तोंडदेखलं तरी बोलावं माणसाने!"

"कूस फार रिकामी आहे. शेपटीजवळचा ठिपका तिला सावरू बघतो, पण एकट्याला पेलत नाही. दुसरा दिला असता."

पार्लरवालीचे गाल लाल झाले. "म्हणजे सकाळी तुम्ही जास्त दिलेत तेही चूक आणि दुपारी ओरडलात तेही चूक!"

"दोन्ही वेळा अर्धं बरोबर होतं."

"अर्धं बरोबर! आणि आता कशावरून पूर्ण बरोबर आहे?"

काका पुन्हा पाण्याकडे वळले. हाच प्रश्न तर त्यांना घरी बसू देत नव्हता. "नाही सांगता येत," ते म्हणाले. "तुम्हाला काय दिसतं ते सांगा ना."

मग ती बाई शेजारी बसली आणि बोलू लागली. तिच्या मते ती रिकामी कूस म्हणजेच मासोळीचं रूप होतं. एका बाजूला भांग पाडला की चेहरा जसा उघडतो तसं. काका म्हणाले, भांग वेगळा आणि टक्कल वेगळं. ती म्हणाली, टक्कल कुणाला म्हणता? आवाज चढले. काकूंनी एक खुर्ची ओढली, बसल्या आणि पार्लरमधल्या ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला सांगून टाकलं, "वेळ लागेल बाई, मासिक वाच तोवर."

काकांनी गुण देणं सोडलं. डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांगितलं, "तोल तुम्ही बघा. मी सोबत येईन, पण कागदावर माझी सही नको." त्या मुळीच ऐकत नव्हत्या, शेवटी कबूल झाल्या. पुढच्या प्रदर्शनाला मात्र काकांना ताप होता आणि काकूंनी त्यांना घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. दिवसभर ते खोलीत येरझाऱ्या घालत राहिले.

संध्याकाळी फोन आला. पार्लरवाली होती, आणि नुसती पेटलेली.

"तिसरा! तिसरा नंबर दिला माझ्या पोरीला! तुम्ही तर दुसरा म्हणाला होतात!"

"तिसरा?" काका ताडकन उठून बसले. "तोंड कुठल्या बाजूला होतं तिचं? आणि टाकीभोवती फिरून बघितलं का त्यांनी, की एकाच जागेवरून?"

"फिरले की. चांगले दोन वेळा फिरले."

"आणि तरी तिसरा? शक्य नाही. अंग उतरलंय का तिचं? खाणं बदललंत?"

"मी काही बदललेलं नाही!" ती किंचाळली, आणि मग आपल्याच शब्दांवर तिला हसू फुटलं. "उद्या येऊन बघा तरी."

"उद्या कशाला," काका म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने पलंगाखाली चपला चाचपडू लागले. काकू दारात उभ्या राहून हातातला थर्मामीटर त्यांच्यावर रोखत होत्या.